शाळेची जुनी बस घेऊन घर करावं का?

प्रश्न : मी आणि माझे यजमान ऐरोलीत राहतो, दोघंही निवृत्त. जुनी व्हॅन घेऊन आत बिछाना, छोटा ओटा करायचा आणि वर्षातले तीन-चार महिने कोकण, गुजरात असं फिरायचं ठरवलंय. कळंबोलीच्या एका दलालाकडे शाळेची बस म्हणून चाललेली 2013 ची फोर्स ट्रॅव्हलर आहे. इंजिन नुकतंच केलंय आणि 'आरटीओचं मी बघतो' असं तो म्हणतो. दुसरीकडे एक टाटा विंगर स्वस्तात मिळतेय. भाचा म्हणतो, मारुतीची इको घ्या, कटकट नको. कोणती घ्यावी?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, तुम्ही इंजिनाचं लिहिलंत, बिछान्याचं लिहिलंत, पण आरसी बुकात काय लिहिलंय ते नाही लिहिलंत. रबाळे एमआयडीसीत माझं बॉडीचं वर्कशॉप होतं तेव्हाही गिऱ्हाईक आधी फ्रिज कुठे बसेल हे विचारायचं. माझा क्रम उलटा आहे : आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन, आणि फ्रिज सगळ्यात शेवटी. इंजिन बिघडलं तर मेकॅनिक उघडून करून देतो. कागद आणि पत्रा बिघडलेला असेल तर पैसे ओतत राहायचं.

शाळेची बस ही परमिटवर चालणारी गाडी. तिचा वर्ग, सीटची संख्या, अगदी पिवळा रंगसुद्धा आरसीवर नोंदलेला असतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 : कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलात मनाने फरक करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. म्हणजे सीटा उपटून पलंग ठोकलात की गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरीच. नाक्यावर दंड होईलच, पण खरी भीती विम्याची. अपघातानंतर सर्व्हेअर आत डोकावला की क्लेम अडकलाच समजा.

म्हणून 'मी बघतो' या शब्दावर एक रुपयाही इसार देऊ नका. परमिट सरेंडर, वर्गबदल, कराचा फरक, रंगबदल हे सगळं विकणाऱ्याने त्याच्या नावावर असतानाच करून द्यावं. गाडीत काय करणार त्याचा साधा आराखडा घेऊन आधी नवी मुंबईच्या आरटीओत स्वतः जा, आणि मोटर कॅराव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, म्हणून नोंद होईल का ते खिडकीवर विचारा. कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे आणि राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरणही 2021 मध्ये आलं, पण त्यामुळे कुठलीही जुनी बस आपोआप कॅराव्हॅन होत नाही. कर्जाचा बोजा उतरलाय का आणि ई-चलन किती थकलीत, हे एमपरिवहन ॲपवर बघून घ्या.

आता पत्रा. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर खाडीची खारी हवा. शाळेच्या बसमध्ये खाली प्लाय आणि वर रबरी मॅट असते. मुलांच्या पाण्याच्या बाटल्या वर्षानुवर्षं त्याखाली झिरपलेल्या असतात. मॅटचा कोपरा उचलायला सांगा. दलाल 'चिकटवलेली आहे हो' म्हणाला, तर समजून जा. चढायची पायरी, चाकांच्या वरच्या कमानी, टपाची गटर, मागच्या दिव्यांच्या मागचा भाग बघा. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. आणि सगळ्यात चांगली परीक्षा : गाडी वॉशिंग सेंटरला न्या, तुम्ही आत बसा, दारं-खिडक्या लावा आणि टपावर जोरात पाणी मारायला सांगा. यजमानांना बाहेर उभं करा, आत तुम्ही बसा. कुठून थेंब येतो ते बायकांच्या नजरेला आधी दिसतं, हा माझा अनुभव. टपावर एसी असेल तर त्याच्या बोल्टांभोवती हमखास गळतं.

याच कारणाने स्वस्त विंगरला मी घाबरतो. 2007 मध्ये आलेली विंगर पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे तिचा तळ खाली आणि चढायला सोपा, गुडघेदुखीवाल्यांना छान. पण तिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. तळ सडला की नुसता पत्रा नाही, गाडीच सडते. खालून टॉर्च मारून स्वच्छ दिसली तरच पुढे बोला. आणि छत उंच आहे ना ते बघा. ज्या गाडीत ताठ उभं राहता येत नाही तिच्यात साडी-पातळ बदलणं, चहा करणं हे आठवड्यात नकोसं होतं.

इंजिन 'केलंय' तर बिल मागा. गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. धूर भकाभका आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय. शाळेची गाडी थांबत-थांबत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चाललेली असते, म्हणून किलोमीटर कमी दिसले तरी क्लच-ब्रेक झिजलेले असतात. बेलापूरच्या पारसिक हिलवर चढवून बघा. वेगाला लगाम घालणाऱ्या स्पीड गव्हर्नरचंही विचारून ठेवा.

माझं मत? ही बस, या दलालाकडून, नको. कंपनीच्या स्टाफसाठी चाललेली, सर्व्हिसचं रेकॉर्ड असलेली ट्रॅव्हलर शोधा. तोवर भाच्याचं ऐका. पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे खासगी, पाच सीटची इको घ्या, मागची सीट दुमडून त्यावर प्लायच्या सुट्या पेट्या आणि गादी टाका, परत आल्यावर उचलून घरात. काहीच कायमचं बसवलं नाही म्हणजे आरसीला हात लागत नाही. उभं राहता येणार नाही, खरंय. पण वर्षभरात तुम्हाला कळेल की गाडीत झोपायचा हौसेचा भाग संपल्यावर काय उरतं. सीएनजीची इको मात्र टाळा : सिलिंडर तुमच्या गादीचीच जागा खातो, दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते, आणि शेजारी शेगडी पेटवायची मला हिंमत होणार नाही.

जाता जाता, सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडाशी जो लोखंडी बार आहे त्याची उंची टेपने मोजा. ट्रॅव्हलर बहुधा आत जाणारच नाही.

प्रश्न : माझ्याकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स आहे. ट्रॅव्हलर चालवायला वेगळं काढावं लागेल का?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : नाही. एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची गाडी एलएमव्हीवर चालते, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या वजनापर्यंतच्या व्यावसायिक वाहनांबद्दलही तेच सांगितलं. ट्रॅव्हलर त्याच्या बरीच आत आहे. मात्र 18 मिलिमीटर प्लायची एक आठ-बाय-चारची शीट तीस किलोच्या वर जाते आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेव्हा ओटा, टाकी आणि बॅटरी तिन्ही एकाच बाजूला बसवू नका. घाटात गाडी एका अंगावर कलते.