महिन्याला ९,००० रुपयांत वीजबिल आणि गॅस कसे भागवावे?

भावांच्या एकत्र घरात राहून, हाती ९,००० रुपये येत असताना कूलर दिवसातून किती तास लावावा आणि गॅसची टाकी कशी पुरवावी, असे आपण विचारले आहे. कूलरचे नंतर पाहू. आधी घरात मीटर किती आहेत ते पाहा. चुली दोन, शिधापत्रिका दोन आणि मीटर मात्र एक, अशी स्थिती असेल तर दिवे विझवून आपल्या हाती काही लागणार नाही. अर्धे बिल भरण्यात तीन उन्हाळे घालवल्यावर मला हे कळले.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचे. यजमान केळीच्या गाड्या भरण्याच्या कामाला जातात आणि मी घरी ब्लाउज व शाळेचे गणवेश शिवते. काम लागून राहिले तर दोघांचे मिळून दहा हजार होतात, एरवी तेवढेही नाही. घर सासऱ्यांनी बांधलेले. पुढचा भाग पाडून जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, तेथे स्लॅब टाकला आणि मागची धाब्याची, म्हणजे मातीच्या छताची, दोन खणांची खोली आमच्या वाट्याला आली. धाब्याखाली मे महिन्यातही पंख्यावर निभावते, स्लॅबखाली कूलरवाचून निभावत नाही. बिल मात्र निम्मे-निम्मे, कारण भावाभावांत हिशेब कसला! असे म्हणणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन पाहावे, वीज बहुधा त्याच्याकडेच जास्त जळत असते.

२०२४ च्या मे महिन्यात दोन्ही घरांचे मिळून २३० युनिटचे, अडीच हजारांहून अधिक रुपयांचे बिल आले. जेठ माझ्याशी थेट बोलत नाहीत. ते ओट्यावर बसून सासूबाईंना उद्देशून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दिवसभर शिलाई मशीनची मोटार घरघरते, मग बिल येईल नाही तर काय? एक दिवस मीटर व्यापारी करून टाकतील, तेव्हा समजेल.” यजमान खाली मान घालून बसले होते. मला बिलापेक्षा त्या गप्प बसण्याचा राग जास्त आला.

त्याच आठवड्यात जेठांचे सगळे घर चोपड्याला लग्नाला गेले आणि मी मीटरसमोर घड्याळ घेऊन बसले. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला आहे, म्हणजे त्यावरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते. आपल्या मीटरवरचा आकडा वेगळा असू शकतो, तो पाहून घ्यावा. आमच्या बाजूचे सगळे बंद केले तेव्हा दिवा मिनिटाला सात वेळा लुकलुकत होता, तो पुढच्या घरातल्या फ्रिजमुळे. मशीन चालू केले तेव्हा बारा वेळा लुकलुकला. म्हणजे ज्या मोटारीवरून मी तीन वर्षे बोलणी खाल्ली, ती मिनिटाला पाच लुकलुकींची होती, आणि तीही पाय पेडलवर असेपर्यंतच. कापणे, काजे करणे, हुक लावणे यांना वीज लागत नाही. दिवसभरात मोटार जेमतेम दोन तास फिरते, महिन्याचे पाच-सहा युनिट होतात. मंडळी परतल्यावर एकट्या कूलरचे मोजले, ते मिनिटाला दहा भरले. तो चौदा तास चालतो. महिन्याचे ऐंशीच्या घरात जातात. पाणी चढवायच्या मोटारीचे मोजलेच नाही, तेवढ्याने माझे काम झाले होते.

आता मुख्य गोष्ट. घरगुती वीज पहिल्या १०० युनिटपर्यंत एका दराने मिळते आणि १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटना जवळपास दुप्पट पडते. आमचा खरा वापर ६० युनिटच्या आसपास, म्हणजे स्वतंत्र मीटर असते तर सगळा पहिल्या टप्प्यात बसला असता. पण दोन घरांचा वापर एकाच मीटरवर पडल्याने १३० युनिट महाग दराने मोजले गेले आणि त्याचाही निम्मा भार आम्ही उचलला. व्यापारी मीटरची भीतीही पोकळ निघाली. राहत्या घराच्या एका भागात छोटा धंदा चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशाप्रमाणे घरगुतीच दर लागतो. हे मी जेठांना ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना वाचून दाखवले.

नव्या मीटरसाठी अर्ज केला तेव्हा शिधापत्रिका, घरपट्टीची पावती आणि ज्याच्या नावावर घर आहे त्याचे संमतिपत्र मागितले गेले. घर सासूबाईंच्या नावावर आहे. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी करता करता हात धुऊन आल्या आणि सही करून परत चुलीपाशी बसल्या. जेठांनी आमच्याकडे येणारी जुनी वायर त्याच आठवड्यात स्वतःच काढून टाकली आणि मीटर येईपर्यंतचे अकरा दिवस आम्ही अंधारात काढले. आता उन्हाळ्यातही आमचे बिल साडेपाचशे-सहाशेच्या आसपास असते. भाडेकरूंनीही लक्षात घ्यावे की २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाला तसाच भोगवटादारालाही जोडणी मागता येते.

छतावर सौर पॅनेल बसवा असे सांगणारे पुष्कळ भेटतील. ज्याचे छतच स्वतःचे नाही, त्याला तो सल्ला देऊ नये. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा खरोखर चांगला असतो, जुन्या ७५ वॅटच्या जागी ३० वॅटच्या आसपास घेतो. पण त्यासाठी अडीच-तीन हजारांचे कर्ज काढणे मला पटत नाही.

गॅसबद्दल थोडेच सांगते. उज्ज्वलाची जोडणी असेल तर टाकीमागे ३०० रुपये अनुदान खात्यात जमा होते; ते येते का, हे पासबुकात पाहावे. डाळ रात्री भिजत घालावी आणि अंघोळीचे पाणी अंगणात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, तापवावे. सगळाच स्वयंपाक पुन्हा चुलीवर करा असे ज्यांना वाटते, त्यांनी पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या स्वतः फुंकून पाहाव्यात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. दुसरे मीटर घेतले की स्थिर आकारही दुसऱ्यांदा लागतो, महिन्याला शंभराच्या वर, शिवाय अनामत रक्कम भरावी लागते. दोन्ही घरांचा एकत्र वापर शंभराच्या आत असेल तर वेगळ्या मीटरने तोटाच होईल. म्हणून अर्ज करण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरचे युनिट पाहा. आणि कूलर रात्री दहा ते पहाटे चार लावा, दुपारी खिडकीला ओले गोणपाट बांधा.