वही तिला परत द्या

आपले तीन पानी पत्र मी दोनदा वाचले. बारावी विज्ञान शाखेत ८१ टक्के गुण मिळवलेल्या आपल्या मुलीने बी.ए.ला मराठी घ्यावे, पुढे महाविद्यालयात प्राध्यापक व्हावे आणि कथा-कादंबऱ्या लिहाव्यात, असे ‘आम्ही ठरवले आहे’, असे आपण कळवता. तिचे म्हणणे मात्र एका ओळीत उरकले आहे : ‘तिला भौतिकशास्त्र आवडते, पण ते काय, कोणीही शिकते.’ मला काळजी वाटते ती या ओळीची. तरुणपणी आपली एक कथा दिवाळी अंकाकडून साभार परत आली होती, हे आपण शेवटी ओझरते लिहिले आहे. या पत्राचे मूळ बहुधा तेथेच असावे.

सोबत तिच्या वहीतील दोन पानांची छायाप्रत आहे. कथेतील आजीच्या तोंडचे ‘काहून’ आपण लाल शाईने खोडून वर ‘का’ लिहिले आहे. ती आजी त्या एका शब्दात बोलत होती. आता तेथे आपण बोलता आहात. ही पाने मला पाठवताना तिला विचारले होते काय, याचाही पत्रात उल्लेख नाही.

कथालेखकाने साहित्यच शिकवले पाहिजे, हा समज आपण कोठून घेतलात? गंगाधर गाडगीळ मुंबईत अर्थशास्त्र शिकवत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. रंगनाथ पठारे यांनी तर संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्रच शिकवले, आणि त्यांच्या ‘ताम्रपट’ या कादंबरीला १९९९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीच्या पदवीने वाचनाला शिस्त लागते, हे मान्य. पण ज्या मुलीचे मन प्रयोगशाळेत रमते, तिला केवळ लेखिका करण्यासाठी तेथून उठवणे म्हणजे तिच्या कथेचा कच्चा मालच काढून घेणे होय.

प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा, ही वाट दोन्ही विषयांना सारखीच आहे. त्यानंतरही अनेकांना कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काढावी लागतात. तेव्हा ‘कायम झाली की निवांत लिहील’ हा हिशेब धरू नये.

बी.एस्सी.चा अर्ज तिला भरू द्या आणि वही तिच्या हाती परत द्या. पुढचे पत्र तिला लिहावेसे वाटले, तर तिने लिहावे. टपालात टाकण्यापूर्वी आपण ते तपासू नये, एवढी विनंती.