परसबाग आणि खुराडं : वाचक विचारतात

प्रश्न : उन्हाळा लागल्यापासून आमच्या गिरिराज कोंबड्यांची अंडी पातळ कवचाची येतात, काही तर नुसत्या पडद्याची. शिंपल्याची पूड खाद्यात मिसळतो, तरी फरक नाही. – वाचक, अकोला

उत्तर : शिंपला हवाच, पण अकोल्याच्या उन्हात तेवढ्यानं भागत नाही. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. शिवाय उकाड्यात तिचं खाणंही घटतं. तेव्हा आधी गारवा करा. छपराच्या पत्र्यावर पाचट पसरून दुपारी त्यावर पाणी मारा. आतली जमीन मात्र कोरडी ठेवा, कारण भिजलेल्या तुसातून अमोनिया उठतो आणि कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात. खाद्य पहाटे आणि ऊन कलल्यावर द्या. एरवी एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर पाणी पुरतं, मे महिन्यात दुप्पट धरा. भांडं मातीचं आणि सावलीत असावं.

आता शिंपला. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं, म्हणून रोज 4 ग्रॅम लागतं, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम शिंपला. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या तयार (लेयर) खाद्यात कॅल्शियम आधीच घातलेलं असतं, घरच्या मका-कणीत ते जवळपास नसतंच. पूड देऊ नका, ती पोटातून लगेच पुढे सरकते. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करा. कवच मुख्यतः रात्री बनतं आणि हे तुकडे तेव्हा हळूहळू विरघळतात. ते खाद्यात न मिसळता संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा, जिला गरज ती टिपते. तलंगांना, म्हणजे तरुण माद्यांना, अंड्यावर येईपर्यंत लेयर खाद्य नको, जादा कॅल्शियमनं त्यांचे मूत्रपिंड बिघडतात.

प्रश्न : खुराड्यातलं ताजं खत वांग्यांच्या बुडात घातलं, आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. – वाचक, कराड

उत्तर : कोंबडखत शेणखतापेक्षा बरंच जहाल असतं. ताज्या विष्ठेतलं नत्र अमोनियाच्या रूपात सुटून मुळं भाजतं. आता बुडातलं खत हातानं बाजूला काढा आणि लागोपाठ दोन दिवस भरपूर पाणी द्या. नवी पालवी फुटली तर झाड वाचलं.

पुढच्या वेळी एक घमेलं खताला दोन घमेली सुका पाला किंवा बारीक केलेलं पाचट या हिशेबानं थर लावा. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून छोटा तापत नाही. ओल इतकी की मूठभर माल दाबला तर दोन-चार थेंब गळावेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्ये लोखंडी सळई खुपसून ठेवा. दहा मिनिटांनी बाहेर काढल्यावर हात लावून धरवत नसेल तर ढीग बरोबर पेटलाय. आठवड्यानं एकदा पालटा. झोंबणारा वास आला तर सुका पाला कमी पडला, ढीग थंड राहिला तर बहुधा ओल कमी. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचं खत मिळतं, ते वांग्याच्या झाडाला दोन मुठी पुरे. भाताचं तूस सावकाश कुजतं. ते शेवटी तसंच दिसलं तरी चालेल.

वाफ्यात कच्चं खत पडलं असेल तर तिथली कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात चार महिने तरी कच्ची खाऊ नका. साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो.

प्रश्न : कोंबडा न पाळता अंडी मिळतील का? – वाचक, ठाणे

उत्तर : मिळतील, तितकीच. फक्त त्यांतून पिल्लं निघणार नाहीत. शेजारीही झोपू शकतील.

प्रश्न : गावठी कोंबडी सारखी खुडूक (अंडी उबवायला) बसते. शेजारचे तिच्या नाकात पीस घाला म्हणतात. – वाचक, कुडाळ

उत्तर : पीस नको, पाण्यात बुडवणंही नको. पोटाखालची ऊब मोडली की खुडूकपणा आपोआप उतरतो. तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून फूटभर उंच, तीन-चार दिवस ठेवा. खाद्य-पाणी समोर, पण गवत किंवा गोणपाट काही घालू नका.

पण पिल्लं हवी असतील तर अशी कोंबडी मिळणं भाग्याचंच म्हणायचं. तिला रात्री रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवा. खाली दहा-बारा अंडी ठेवा, आठवड्याच्या आतली, न धुतलेली. सातव्या रात्री अंधारात अंड्याखाली टॉर्च धरून पाहा. लाल रेषांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. अंडं स्वच्छ दिसलं तर काढून टाका. पिल्लं 21व्या दिवशी फुटतात. कवच फोडायला मदत करू नका, आतली शीर तुटून रक्त वाहतं.

प्रश्न : दरवर्षी मानमोडीनं (राणीखेत रोगानं) निम्म्या कोंबड्या जातात. दहा पक्ष्यांसाठी लस परवडते का? – वाचक, शिरूर

उत्तर : लस महाग नसते, अडचण कुपीची असते. ती शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आजूबाजूच्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा. पिल्लं 5 ते 7 दिवसांची असताना लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-2-बी या लसीचं इंजेक्शन, ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्या. कुपी घरी आणताना बर्फात हवी. उन्हात खिशातून आणलेली लस टोचून उपयोग नाही. हिरवट हगवण किंवा मान मुरगळलेली दिसली तर तो पक्षी लगेच वेगळा करा आणि लस फक्त धडधाकट पक्ष्यांनाच द्या. मेलेली कोंबडी ओढ्यात न टाकता खोल पुरा, वर चुना घाला.