बॉनेटवर आधी हात ठेव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत नोकरी लागली, रोज जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात, उन्हाळ्यात दुचाकीवर जीव नको होतो, म्हणून दीड लाखात एखादी छोटी जुनी गाडी बघायची आहे, असं तू लिहिलंस. तीन गाड्यांचे फोटोही पाठवलेस. फोटोत सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात, त्यावरून ‘ही घे’ असं सांगणार नाही. गाडी कशी बघायची ते सांगतो.

हातात दीड लाख असतील तर गाडी सव्वा लाखाच्या आतली शोध. उरलेले पंचवीस-तीस हजार पहिल्या महिन्यातच लागतात. विमा, नाव लावून घेणं, ऑइल, फिल्टर, कूलंट हे ठरलेलं. वर बॅटरी नाहीतर टायर, काहीतरी निघतंच. ऑल्टोला चार नवे टायर घालायचे म्हटले तर आजच्या भावात दहा-बारा हजार, क्लचचा सेट मजुरीसकट अंदाजे पाच-सात हजार. हे पैसे बाजूला नसले की माणूस घासलेल्या टायरवरच पुणे रोडला गाडी पळवत राहतो. मला त्याचीच भीती वाटते.

पेट्रोल गाडीच घे. तुझ्या रनिंगला डिझेलची गरज नाही, आणि जुन्या डिझेलचे इंजेक्टर-टर्बो निघाले तर सव्वा लाखाच्या गाडीला तो खर्च झेपत नाही. मॉडेल निवडताना टायमिंगला (वाल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला) बेल्ट आहे की चेन, एवढं माहीत करून घे. वॅगन-आर आणि ऑल्टो के-१० च्या के-सिरीज इंजिनात चेन असते. ऑल्टो ८००, सॅन्ट्रो, इऑनचं ०.८ लिटर आणि आय-१० चं १.१ लिटर इंजिन यांत रबरी बेल्ट असतो. तो किलोमीटरने झिजतो तसाच वयानेही वाळतो, आणि सॅन्ट्रोसारख्या इंजिनात चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन वाल्व्हवर आपटतात. ‘मागच्याच वर्षी बदललाय’ असं मालक म्हणाला तर बिल माग. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी कर.

गाडी बघायला सकाळी सातला जा. आदल्या रात्री फोन करून सांग, ‘मी येईपर्यंत सुरू करू नका.’ पोचल्यावर चहापाण्याच्या आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर गाडी तू यायच्या आधी तापवून ठेवली आहे. त्या दिवशी तिथून निघ आणि पुन्हा एकदा जा. तापलेलं इंजिन बरंच काही लपवतं. कमजोर बॅटरी, चार-चार सेल्फ मारल्यावर सुरू होणं, पहिल्या मिनिटाची टकटक, पहिला धूर, हे सगळं थंड इंजिनातच दिसतं.

सुरू करण्याआधी ऑइलची काडी ओढून पूस, परत घाल, परत ओढ. ऑइल काळं असलं तरी चालतं, कमी असलेलं चालत नाही. ज्याने ऑइलची पातळी बघितली नाही त्याने बाकी काय बघितलं असणार? मग ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघ. दुधाळ चहाच्या सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जातंय अशी शंका घे. रेडिएटरचं झाकणही आत्ताच, थंड असतानाच उघडायचं. गरम इंजिनावर ते कधीही उघडू नकोस, उकळतं पाणी तोंडावर येतं.

सोबत आलेल्याला सायलेन्सरमागे उभं कर आणि सेल्फ मार. सुरू होताना निळ्या धुराचा एक झोत आला आणि थांबला, तर वाल्व्हचे सील गेलेत. त्यावर भाव करता येतो. गाडी तापल्यावरही रेस दिली की निळा धूर येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ती गाडी सोड. पांढरी वाफ थंडीच्या दिवसांत दोन-चार मिनिटं येते आणि जाते. दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचं काम आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण अलगद उचल. थोडी वाफ असतेच. भसाभस धूर बाहेर येत असेल तर आत कॉम्प्रेशन राहिलेलं नाही.

आपल्याकडच्या गाड्यांचं दुखणं मात्र जास्त करून कूलिंगमध्ये असतं, म्हणून इथे जरा थांबतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि कूलंटऐवजी सरळ बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. त्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत खडूसारखा थर बसतो, पंपाची पाती गंजतात. गाडी तापायला लागली की मूळ कारण शोधण्यापेक्षा स्वस्त उपाय होतो: थर्मोस्टॅट वाल्व्ह (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा) काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे चावी ऑन असेपर्यंत तो फिरतच राहतो. गाडी विकेपर्यंत तेवढ्यावर निभावतं, पुढचं घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

हे पकडणं सोपं आहे. एसी बंद ठेव, इंजिन थंड असू दे, चावी नुसती ऑन कर. फॅन लगेच फिरायला लागला तर तो डायरेक्ट केलेला आहे. तसं नसेल तर इंजिन सुरू करून वीस मिनिटं उभ्या जागी चालू ठेव. तापमानाचा काटा चढून मध्याच्या जरा खाली स्थिर व्हायला हवा आणि फॅन मधूनमधून लागायला-बंद व्हायला हवा. काही मॉडेलांत काटा नसतो, नुसता दिवा असतो. तिथं फॅनकडे कान ठेव. रेडिएटरमध्ये हिरवं किंवा लाल कूलंट आहे की गंजाचं तांबडं पाणी, हे तर तू झाकण उघडलंस तेव्हाच कळलं असेल.

एसीसाठी दुसरी फेरी दुपारी एकची मार. सकाळी सातला कुठलाही एसी गार वाटतो. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटं लाव. ‘गॅस कमी झालाय, भरला की झालं’ हे वाक्य तुला ऐकायला मिळेलच. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. कॉइल असेल, कंडेन्सर असेल, कॉम्प्रेसर असेल. एवढंच सोपं असतं तर विकायच्या आधी त्यानेच भरला असता.

पत्रा उजेडात बघ, आणि धुतलेल्या ओल्या गाडीवर बघू नकोस, पाण्याखाली सगळा रंग सारखाच चमकतो. मऊ फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक दारांवर फिरव. जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दारावरचा ओरखडा रंगवलेला असला म्हणून घाबरायचं कारण नाही. समोरचा आणि मागचा सांगाडा महत्त्वाचा. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, दाराच्या चौकटीची रबरी बीडिंग ओढली की आत कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात का, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा सरळ आहे की ठोकून सरळ केलाय, एवढं बघ.

पुरात गेलेल्या गाड्यांपासून तर फार जप. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा महापूर झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सीना नदीने गावंच्या गावं पाण्याखाली घेतली. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. वरचा भाग कोणी धुतो, आतला टोकाचा भाग धुवायचं सुचत नाही, तिथे मातीची रेघ राहते. मॅट उचलून खालचा कार्पेट हाताने दाब, सीटच्या रुळांवरचा गंज बघ. आत अत्तर फार मारलेलं असेल तर काचा वर करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवायला सांग, मग दार उघडून वास घे.

चालवायला चाळीस मिनिटं घे, गाणी बंद ठेवून. गल्लीतले गतिरोधक, मग हायवेला ऐंशीचा वेग. गतिरोधकावर ठकठक आली तर बुश, लोअर आर्म किंवा शॉकअप. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरव. कटकट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोड. इंजिन बंद पडलं तर क्लच प्लेट शाबूत, चालूच राहिलं तर संपत आली. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नकोस, मीटर मागे घेणं अवघड नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघ. मीटरवर तीस हजार आणि पेडल गुळगुळीत, असं जमत नाही. पसंत पडली की स्वतःचा फिटर घेऊन जा. त्याला पाचशे-हजार दे, पण विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजला जाऊ नकोस. कंपनीच्या वर्कशॉपला मालकासोबत गेलास तर गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघता येते आणि नंबरावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदीही निघतात.

डीलर की मालक, असं विचारलं होतंस. मालकाकडून घेतलेली गाडी सहसा स्वस्त पडते, आणि त्याच्या पार्किंगमध्ये उभं राहून दहा मिनिटं बोललास तर तिचा सगळा इतिहास कळतो. डीलरकडे एका ठिकाणी दहा गाड्या दिसतात, कर्जाची सोय असते, पण इंजिन धुऊन, डॅशबोर्डला पॉलिश मारून गाडी मांडलेली असते आणि त्याचा नफाही तूच देतोस. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची फॉर्म २९ सी ची नोंदही व्हावी लागते. दोन्ही दाखवायला सांग. काही ठिकाणी अजून मूळ मालकाच्या सहीचे कोरे फॉर्म फाइलला लावून ठेवलेले असतात. अशी गाडी नको. नाव बदलताना ऑनलाइन ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो, आणि तो मालक गाव सोडून गेलेला असतो.

कागद बघताना इंजिन आणि चासी नंबर आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) नाही, गाडीवरूनच वाच आणि मग आरसीशी जुळव. एम-परिवहन ॲपवर विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत दिसते, वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर थकलेली ई-चलनं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ ची गाडी म्हणूनच स्वस्त मिळते: २०२६ मध्ये तिचं नूतनीकरण येतं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली आहे, शिवाय पर्यावरण कर आणि तपासणी. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट (एचएसआरपी) बसवली आहे का तेही बघ.

आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर एनओसी (ना-हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ‘कर्ज फिटलंय’ एवढं पुरत नाही. छोट्या पतसंस्था बंद पडतात आणि मग एनओसी द्यायला कोणी राहत नाही. मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर होऊ दे. बाहेरून सीएनजी बसवलं असेल तर आरसीवर तशी नोंद हवी, टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली हवी.

विजयपूर-कलबुर्गीकडची केए-२८, केए-३२ पासिंगची गाडी इथे दहा-वीस हजारांनी स्वस्त मिळते. तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि नवा एमएच-१३ नंबर हे धरलं की ती महाग पडते. तुझ्या बजेटमध्ये नकोच.

व्यवहार ठरला की टोकन दोन ते पाच हजारांवर देऊ नकोस, तेही पावतीवर, ‘कागद न निघाल्यास परत’ असं लिहून घेऊन. बाकीचे पैसे बँकेतून, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यावर. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुझ्यासमोर होऊ देत. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळही लिही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणारा चालढकल करायला लागला तर त्याला सांग की अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसा निकाल दिला आहे. विम्यावर स्वतःचं नाव १४ दिवसांत लावून घे, नाहीतर तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुला मिळत नाही, तेवढा हप्ता वाढेल हे धरून चाल.

दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायची अशी घरी चर्चा आहे, असं कळलं. मुहूर्त साधायचा असेल तर शोध दीड महिना आधी सुरू कर, त्या आठवड्यात विकणारा भाव सोडत नाही. तीनपैकी राखाडी वॅगन-आर आधी बघ, पण जाण्यापूर्वी तिच्या आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. कर्जाची नोंद आणि नोंदणीची मुदत बघून त्याच दिवशी कळवतो.

तुझा,
काका