वाचकांचे प्रश्न : गुन्हा, लिंगभाव आणि न्याय

प्रश्न : खून झालेल्यांत पुरुषच जास्त असतात. मग स्त्रियांवरच्या हिंसेची वेगळी चर्चा कशाला?

जगात खून होणाऱ्या दर 10 जणांत साधारण 8 पुरुष असतात, मारणारेही बहुतेक पुरुषच. फरक आहे तो कोणाच्या हातून मरण येतं यात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये सुमारे 85,000 स्त्रिया आणि मुलींच्या हत्या झाल्या. त्यांतल्या 51,100 जणींचा जीव जोडीदाराने किंवा घरच्याच कोणी घेतला, म्हणजे दहातल्या सहा जणींचा. पुरुषांत हे प्रमाण दहात एकाच्या आसपास. रस्त्यावर दिवे लावून आणि गस्त वाढवून घरातला खून टळत नाही. तिथे आधीच्या धमक्या आणि तक्रारी गांभीर्याने घ्याव्या लागतात.

प्रश्न : नवरा-बायकोच्या मारामारीत दोघांनाही जखमा असतील, तर दोघांवर गुन्हा नोंदवणंच निष्पक्ष नाही का?

दिसायला निष्पक्ष, पण बऱ्याचदा ती तपास टाळायची पळवाट असते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी अशा प्रकरणांत अटक सक्तीची केली, तेव्हा मार खाणाऱ्या बायकाही सोबत उचलल्या जाऊ लागल्या. म्हणून पुढे ‘मुख्य हल्लेखोर कोण’ हे ठरवण्याचे नियम आले.

जखमा किती यापेक्षा कुठे आणि कशा, हे बघायचं. हाताच्या करंगळीकडच्या बाजूला वळ असतील, तर वार अडवला असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्याच्या मनगटावर चावा किंवा चेहऱ्यावर ओरखडे असतील, तर गळा सोडवण्याची ती धडपड असू शकते. गळा दाबल्याची खूण तर पुष्कळदा बाहेरून दिसतच नाही. आवाज बसलाय का, गिळताना दुखतंय का, शुद्ध हरपली होती का, हे मुद्दाम विचारावं लागतं. डोळ्यांत बारीक लाल ठिपके आहेत का, तेही पाहायचं. वळ कधीकधी दुसऱ्या दिवशी उमटतात, म्हणून फोटो पुन्हा काढायचे. दोघांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे, एकमेकांना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

मार खाणारा पुरुष असला तरी कसोट्या याच. ‘बायकोचा मार खातोस?’ या एका वाक्याच्या धास्तीने तो ठाण्याची पायरी चढत नाही, ही अडचण वेगळी.

प्रश्न : न्यायालयं बायकांना सौम्य शिक्षा देतात का?

काही अंशी. पण आरोपी स्त्रियांची आधीची गुन्ह्यांची नोंद सहसा कमी आणि गुन्ह्यातली भूमिका दुय्यम असते, त्यातून बराचसा फरक उलगडतो. ‘चांगली आई’ या चौकटीत न बसणारीला मात्र ही सवलत मिळेलच असं नाही.

शिवाय शिक्षा तेवढीच असली तरी तुरुंगवास सारखा नसतो. जगातल्या कैद्यांत स्त्रिया शंभरात सातच्या आसपास. त्यामुळे त्यांचे तुरुंग मोजके, घरापासून लांब, आणि मुलांच्या भेटी हळूहळू बंद पडतात. स्त्री कैद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्ये स्वीकारलेल्या ‘बँकॉक नियमां’नुसार स्त्रीला शक्यतो घराजवळच ठेवावं, सॅनिटरी पॅड मोफत द्यावेत आणि प्रसूतीच्या वेळी बेड्या घालू नयेत. गरोदर असेल किंवा मुलं तिच्यावर अवलंबून असतील, तर शक्य तिथे तुरुंगाबाहेरची शिक्षा आधी विचारात घ्यावी.