हेड गॅस्केट नवे, तरी पाणी पुन्हा कमी

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी 1,10,000 किमी चालली आहे. कुंभार्ली घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, म्हणून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) बदलून घेतले. चार महिन्यांतच रेडिएटरचे पाणी पुन्हा कमी होऊ लागले. खाली थेंबही दिसत नाही आणि सकाळी पांढरा धूर येतो. गॅस्केट हलक्या प्रतीचे असेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : गॅस्केट हलके असू शकते, पण बहुतेक वेळा दोष ते बसवण्यात असतो किंवा इंजिन तापण्याचे मूळ कारण तसेच राहिलेले असते. पुन्हा हेड उघडण्याआधी खात्री करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून इंजिन चालवतात. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल, तर हा द्रव पिवळा पडतो. सोबत कॉम्प्रेशनही (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजायला सांगा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्यांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट फुटले असण्याचा संभव मोठा. मात्र हेडला तडा गेला असला तरी लक्षणे अशीच दिसतात. म्हणून हेड काढल्यावर मशीन शॉपमध्ये त्याची प्रेशर टेस्ट करून घ्याच.

मागच्या वेळी हेडची सपाटी तपासली होती का, हे मेकॅनिकला स्पष्ट विचारा. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते. त्यावर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) सरकवतात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत 0.05 मिमीच्या आसपासची, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी फट चालते. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहा. फट त्याहून जास्त असेल, तर हेडला फेस मारावा लागतो, म्हणजे मशीनवर घासून ते सपाट करावे लागते. नुसती बोटे फिरवून ‘सपाट आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. ब्लॉकचा माथाही याच रीतीने तपासायचा असतो.

हेड काढताना इंजिन पूर्ण थंड हवे आणि बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडेथोडे सैल करायचे. जुने गॅस्केट खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. ग्राइंडरला घासणीची चकती लावून साफ केले, तर काम झटपट होते, पण पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि चकतीची भुकटी ऑइलमध्ये उतरून बेअरिंग खाते.

मग ब्लॉकमधली बोल्टची भोके पाहा. भोक तळाशी बंद असेल आणि त्यात ऑइल किंवा पाणी साचले असेल, तर बोल्ट आवळताना द्रव दबत नाही. टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंत, म्हणजे टॉर्कपर्यंत, आवळायचा पाना) ‘टक्’ करतो, पण हेड दाबलेच जात नाही. कधी ब्लॉकलाही तडा जातो. म्हणून प्रत्येक भोक हवा मारून कोरडे करावे. आवळताना क्रम उलटा, मध्यापासून बाहेर, आणि तोही टप्प्याटप्प्याने. ज्या इंजिनात ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट आणखी काही अंश फिरवायचा असतो, तिथे बोल्ट ताणला जातो. तो बहुधा एकदाच वापरायचा असतो. गॅस्केटबरोबर बोल्टचा नवा संच घ्या, इथे पैसे वाचवू नका. पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला, मॅन्युअलमध्ये सांगितले नसेल तर, सीलंट लावू नये.

आता घाटात गाडी का तापली, ते शोधा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. रेडिएटर आतून चोंदला आहे का, पंखा वेळेवर लागतो का आणि वॉटर पंप गळतो का, हेही पाहा. टायमिंग बेल्टची गाडी असेल, तर बेल्ट आत्ताच बदला, कारण हेड काढताना तो उतरवलेलाच असतो. शेवटी ऑइल, ऑइल फिल्टर आणि नवे कूलंट. कूलंट पाणी न मिसळलेले (कॉन्सन्ट्रेट) असेल, तर त्यात तेवढेच डिस्टिल्ड वॉटर मिसळा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा आणि हवा काढा. आत राहिलेला हवेचा एक फुगाही दुरुस्त केलेले हेड पुन्हा तापवायला पुरतो.

प्रश्न : पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस जमतो. गॅस्केट गेले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फक्त झाकणाखाली फेस असेल आणि डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) ऑइल स्वच्छ असेल, तर घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली, तर इंजिन पुरते तापत नाही आणि आतली वाफ झाकणाला चिकटते. एकदा सलग अर्धा-पाऊण तास चालवा, झाकण पुसा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. डिपस्टिकवरही दुधाळ रंग दिसला किंवा पाण्याची पातळी उतरली, तर मात्र इंजिन सुरू करू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाही.

प्रश्न : रेडिएटरमध्ये गळती थांबवणारी पावडर टाकली तर चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नको. सिलिंडरमधल्या दाबापुढे ती टिकत नाही. उलट हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवते. सोलापूरच्या उन्हात रेडिएटर अर्धा बुजला, तर एरवी फेस मारून वाचले असते, ते हेडही हातचे जाईल.