कोरियन कलाकाराला ‘तुम्ही’ म्हणायचंच नसतं

कोरियन अभिनेत्याला मुलाखतीत प्रश्न विचारायचे आहेत, ‘तुम्ही’साठी ‘दांगशिन’ चालेल का आणि वाक्यं उद्धट वाटू नयेत म्हणून काय करावं, असा तुमचा प्रश्न आहे.

दांगशिन अजिबात नको. शब्दकोशात अर्थ ‘तुम्ही’ दिसतो, पण समोरासमोर तो नवराबायकोत शोभतो, नाहीतर भांडणात. मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण आपला सगळा आदर ‘तुम्ही’-‘आपण’मध्ये असतो. कोरियनमध्ये त्या जागी पद येतं: अभिनेत्याला बेउनिम, दिग्दर्शकाला गामदोंगनिम, लेखकाला जाक्कानिम. नाव घ्यायचं तर पूर्ण घ्या, ‘सोंग कांग-हो बेउनिम’. २०२१ साली ऑस्कर मिळवलेल्या युन यु-जुंग यांच्यासारख्या ज्येष्ठांना सॉनसेंगनिम म्हणतात. बातमीत नावामागे दिसणारं ‘शी’ (आपल्या श्री-श्रीमतीसारखं) ज्येष्ठांना तोंडावर लावू नका. ‘सॉनबेनिम’ (क्षेत्रातले आपले ज्येष्ठ) हेही टाळा, ते त्या क्षेत्रातल्या धाकट्यांनी म्हणायचं.

खरा आदर क्रियापदाच्या शेवटी असतो, म्हणून वाक्याचा शेवट गिळू नका. ‘विचारू का?’ला ‘मुरॉ ब्वादो द्वेलक्कायो’ हे बरोबरीच्या माणसासाठी ठीक. कलाकाराला ‘यॉज्जवॉ ब्वादो द्वेलक्कायो?’ म्हणा. यॉज्जवॉ म्हणजे मोठ्यांना विचारणं. उत्तर मागताना ‘मालस्सुम हे जुशिल सु इस्सुलक्कायो?’, म्हणजे ‘सांगू शकाल का?’. इथे ‘मालस्सुम दुर्यॉ’ म्हटलंत तर उलटं होतं: ते स्वतःच्या नम्र बोलण्यासाठी आहे.

क्रियापदात येणारा आदराचा ‘शी’ (नावामागच्या ‘शी’हून वेगळा) समोरच्याच्या क्रियेला लागतो, स्वतःच्या नाही. ‘मी भारतातून आलो’ म्हणताना साधं ‘जॉनुन इन्दोएसॉ वास्सुम्निदा’. आणखी एक नेहमीची चूक: ‘काही बेत आहे का?’ विचारताना ‘ग्येशिन्गायो’ (माणसाच्या असण्याचं आदरार्थी रूप) लावतात. बेत माणूस नाही, म्हणून ‘ग्येह्वेगी इस्सुशिन्गायो?’ असं हवं.

‘का?’ म्हणजे ‘वे’ थेट विचारलं की जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘हा चित्रपट का केलात?’ऐवजी ‘ऑत्तन ग्येगिरो ई जाकफुमुल सॉनथेक हाश्यॉन्नायो?’, म्हणजे ‘कशाच्या निमित्तानं ही कलाकृती निवडलीत?’. मराठीसारखंच क्रियापद शेवटी येत असल्यानं वाक्य मराठीतच जुळवा, इंग्रजीतून नेऊ नका. आधी ‘होक्शी’ (‘कदाचित’ अशा छटेचा शब्द) जोडला की प्रश्न आणखी मऊ होतो. पण प्रत्येक वाक्यात नको.

ओळख आणि आभार ‘-म्निदा’नं संपवा, प्रश्न मात्र ‘-नायो’ किंवा ‘-क्कायो’नं. सलग चार-पाच ‘-म्निक्का’ (‘-म्निदा’चं प्रश्नार्थक रूप) म्हणजे पोलीस चौकशी वाटते. एका वेळी एकच प्रश्न विचारा, विशेषतः दुभाषी असेल तर.

खासगी विषयाला हात घालायचाच असेल तर आधी ‘बुलप्यॉनहाशिम्यॉन दापप्यॉन आन हाश्यॉदो ग्वेनचान्सुम्निदा’ म्हणा: अवघड वाटलं तर उत्तर नाही दिलंत तरी चालेल. आणि ते न देण्याची मोकळीक खरोखर द्या, तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारू नका.